गरम झालं की बंद पडतं: सायकल इंजिनाची ठिणगी नेमकी कुठे हरवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलला बसवलेलं ६६ सीसीचं टू-स्ट्रोक किट. सुरुवातीचे दोन-अडीच महिने छान चाललं. आता थंड असताना पहिल्या दमात सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं, मग मिसिंग मारत मारत (ठोके चुकवत) बंद पडतं. अर्धा तास उभं ठेवलं की पुन्हा जणू काही झालंच नाही. प्लग नवा टाकला, सीडीआय (प्लगला जोरदार वीज देणारा डबा) नवा टाकला, फरक शून्य. आता मॅग्नेटोची, म्हणजे फिरत्या चुंबकाने वीज बनवणाऱ्या भागाची, कॉइल मागवायची का?

मागवू नका. निदान मल्टीमीटर लावून बघेपर्यंत तरी नको. तुम्ही केलंत ते बहुतेक जण करतात, जो भाग हाताला सहज लागतो तो आधी बदलायचा. पण या इंजिनाच्या इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगीच्या व्यवस्थेत, भाग आहेत तरी किती? मॅग्नेटोची कॉइल, तिच्या मधोमध फिरणारा चुंबक, सीडीआयचा काळा डबा, प्लगची वायर आणि टोपी, प्लग, आणि हँडलवरचं बंद करायचं बटण. जुन्या इंजिनांसारखे उघडझाप करणारे पॉइंट नाहीत, बॅटरी नाही. कॉइली आणि डबे जळतात, नाही असं नाही, पण माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनांत त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दोष सापडला तो दोन भागांच्या मधल्या वीतभर जागेत. ढिली पिन, सोललेली वायर, सुटत आलेला डाग (सोल्डरचा जोड). नवा भाग टाकताना आपण नेमक्या याच गोष्टी होत्या तशाच पुन्हा जोडतो आणि मग म्हणतो, भाग बदलूनही फरक नाही.

पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. हँडलवरच्या बटणाच्या दोन्ही वायरी इंजिनाच्या वायरिंगपासून पूर्ण सोडवा. बटण ‘बंद’ ठेवून भागणार नाही, वायरीच सोडवायच्या. कारण या इंजिनात बटण दाबल्यावर करंट तुटत नाही, उलट जोडला जातो. मॅग्नेटोतून सीडीआयकडे जाणारी निळी वायर बटण दाबलं की काळ्या वायरीला, म्हणजे अर्थला (इंजिनाच्या धातूच्या अंगाला), टेकते. कॉइलमधली वीज सीडीआयपर्यंत जाण्याऐवजी तिथल्या तिथे मुरते आणि इंजिन थांबतं. म्हणजे त्या बटणाच्या वायरीची साल कुठेही निघून ती हँडलच्या नळीला किंवा फ्रेमला टेकली, तर इंजिनाच्या दृष्टीने कुणीतरी बटण दाबूनच धरलंय. अर्धवट टेकली तर मिसिंग, पूर्ण टेकली तर ठप्प.

माझ्याकडे एक सायकल आली होती, ती फक्त डावीकडे वळताना झटके द्यायची. मालकाचा कार्बोरेटर दोनदा उघडून झाला होता. मीही शहाणा, अर्धा दिवस फ्लोटची पातळी बघत बसलो. शेवटी इंजिन स्टँडवर चालू ठेवून हँडल सहज डावीकडे फिरवलं आणि ते मेलं. थ्रॉटलच्या मुठीतून निघालेली बटणाची बारीक वायर हँडलच्या क्लॅम्पखाली चेपली होती, नखाएवढी साल गेलेली. तेव्हापासून माझ्याकडे कुठलंही सायकल इंजिन आलं की पाना हातात घेण्याआधी बटण सोडवतो.

बटण सोडवून चाचणी घेणार असाल तर इंजिन थांबवायचं कसं ते आधी ठरवा. थ्रॉटल पूर्ण सोडायचं, मागचा ब्रेक धरायचा आणि क्लच हळूहळू सोडत इंजिन दाबून बंद पाडायचं. ते जमलं नाही तर चोक पूर्ण लावायचा. चालत्या इंजिनाची प्लगची टोपी ओढून काढायची नाही. एक तर झटका बसेल, आणि प्लगपर्यंत वाट न मिळालेला तो विजेचा दाब सीडीआयच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढेल. टोपी काढून पेडल मारल्यानेही तेच होतं. कित्येक चांगले डबे लोकांनी तपासता तपासताच मारलेले मी पाहिलेत.

आता पांढरी वायर. तुमच्या मॅग्नेटोतून तीन वायरी येत असतील, निळी, काळी आणि पांढरी. काही कॉइलींना दोनच असतात, तर हा परिच्छेद सोडून द्या. पांढरी वायर कॉइलच्या अर्थाकडच्या टोकाजवळून काढलेली असते, छोट्या दिव्यासाठी. किटबरोबर येणाऱ्या कागदावर पुष्कळदा बटण याच पांढऱ्या वायरीवर जोडायला सांगितलेलं असतं. तसं केलं तरी इंजिन बंद होतं, त्यामुळे लोकांना ते बरोबर वाटतं. पण या वायरीवर काहीही भार टाकला, दिवा असो की ओलं बटण, की तो भार त्याच चुंबकाची ताकद वाटून घेतो आणि निळ्या वायरीच्या वाट्याला कमी येतं. आधीच तोलूनमापून बनवलेली ही व्यवस्था, तिच्यात वाटेकरी परवडत नाही. माझ्या मते पांढऱ्या वायरीचं टोक कापायचं, त्यावर हीट श्रिंकचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवायचा आणि ती कशालाही टेकणार नाही अशी बांधून ठेवायची. दिवा हवा असेल तर बॅटरीवरचा लावा.

निळी निळ्याला आणि काळी काळ्याला, एवढंच जोडायचं. यातली काळी वायर लोक फारशी मनावर घेत नाहीत. त्यांना वाटतं, अर्थच तर आहे, सीडीआय फ्रेमला बोल्टने आवळलाय, मिळेल कुठून तरी. तसं नाही. प्लगच्या टोकावर उडी मारलेली वीज प्लगच्या अंगातून हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यात), हेडमधून इंजिनाच्या केसिंगमध्ये, तिथून कॉइलच्या आतल्या लोखंडी पत्र्यांमध्ये आणि तिथून काळ्या वायरीने परत सीडीआयमध्ये जाते. हा फेरा पूर्ण झाला तरच ठिणगी. काळ्या वायरीची पिन ढिली असेल तर इंजिन थरथरेल तशी ठिणगी येईल आणि जाईल. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेऱ्यांना) सेकंदाला ५०. त्यातल्या दहा जरी हुकल्या तरी तुम्हाला झटके जाणवणारच.

किटमध्ये मिळणाऱ्या त्या गोल बुलेट पिना मी ठेवतच नाही. नर पिन मादीत घालून हलकेच ओढा. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर तिच्यावर विसंबू नका. वायरी कापून, दोन्ही टोकं सोलून, पीळ देऊन डाग द्यायचा आणि वर हीट श्रिंक. डाग द्यायची सोय नसेल तर पिन पकडीने किंचित दाबून घट्ट करा, पण ओढून बघितल्याशिवाय टेप गुंडाळू नका. नुसती टेप उन्हातान्हात सैल होते, तिचा गोंद वायरीवर उतरतो आणि त्यात धूळ-ओलावा धरतो. वायर तोडताना पुढे कधी इंजिन उतरवायचं झालं तर पुरेशी लांबी राहील इतकी मोकळीक ठेवा. ताणलेली वायर इंजिनाच्या कंपनाने डागाच्या अगदी कडेला तुटते. बाहेरून साल अखंड दिसते आणि आत तांब्याच्या दोन तारा उरलेल्या असतात.

एवढं करून दोष गेला नाही तर ठिणगी बघायची. पद्धत चुकली तर ही चाचणी तुम्हाला फसवेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायकल दुहेरी स्टँडवर घ्या किंवा मागचं चाक जमिनीवरून उचललं जाईल अशी टेकवा. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढा, टोपीत बसवा आणि प्लगचं लोखंडी अंग हेडच्या एखाद्या नटला क्लिपच्या वायरीने पक्कं जोडा. नुसतं हेडच्या पंख्यांवर (थंडाव्यासाठीच्या पट्ट्यांवर) टेकवून ठेवू नका. पंख्यांना रंग असला तर अर्थ मिळत नाही आणि चाक फिरलं की प्लग घसरतो. प्लगच्या भोकावर फडकं ठेवा, कारण फिरवल्यावर तिथून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारीच ठिणगी उडवायचा तुमचा बेत आहे. मग क्लच सोडून पेडल मारा. बोटं चेनपासून लांब.

फिरवायचं किती जोरात? हिशेब सोपा आहे. या इंजिनांत आतल्या गिअरची घट साधारण ४.१ पट असते, बाहेर १० दातांचं छोटं स्प्रॉकेट आणि मागच्या चाकाला ४४ दातांचं. गुणाकार केला तर चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, सुमारे १८ फेरे. म्हणजे चाक सेकंदाला एकदा फिरवलंत की इंजिन १,००० आरपीएमच्या थोडं वर फिरतंय. प्लग काढलेला असताना हे हाताने पेडल फिरवूनही जमतं. त्या वेगाला ठिणगी दिसलीच पाहिजे. चाक अर्धवट ढकलून ‘ठिणगी नाही’ म्हणणाऱ्यांचं इंजिन बहुतेकदा ठणठणीत असतं. चुंबक पुरेशा वेगाने फिरला नाही तर कॉइल पुरेशी वीज काढत नाही.

ठिणगी दिसली की लोक सुटकेचा श्वास टाकतात. तिथेही एक मेख आहे. उघड्या हवेत प्लगच्या ०.६–०.७ मिमी फटीतून उडी मारायला विजेचा फारसा दाब लागत नाही. तीच फट सिलिंडरच्या आत, दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात, कित्येक पटीने अवघड होते. बाहेर उडणारी अशक्त ठिणगी आत उडेलच असं नाही. म्हणून मी एक जुना प्लग चाचणीसाठी ठेवलाय. त्याची वाकडी पट्टी उचलून फट ४–५ मिमीची केलीय. त्या फटीतून निळसर पांढरी, टक् टक् आवाज करणारी ठिणगी उडाली तर सीडीआय, कॉइल, टोपी सगळ्यांना माझ्याकडून पास. पिवळट, केसासारखी, मधूनच गायब होणारी दिसली तर पुढे वाचा. अंधाऱ्या जागेत बघा. दुपारच्या उन्हात चांगली ठिणगीही मेल्यासारखी दिसते. अंधारात आणखी एक फायदा म्हणजे वायरीला किंवा टोपीला चीर असली तर तिथून बाजूला उडणारी ठिणगीही पकडता येते.

आता तुमच्या दोषाकडे येतो, कारण तुमचं इंजिन थंड असताना ही सगळी तपासणी पास होईल. ठिणगी मस्त येईल आणि तुम्ही चक्रावाल. गरम झाल्यावर येणारा दोष गरम असतानाच पकडावा लागतो. तो अर्धा तास थांबत नाही. इंजिन बंद पडल्यावर आपण काय करतो? सायकल ढकलत घरी आणतो, पाणी पितो, हत्यारं शोधतो, तोवर सगळं थंड. म्हणून चाचणीचा प्लग, प्लगचा पाना आणि मीटर पिशवीत घेऊन जवळच्या जवळ चकरा मारा. बंद पडलं की जागच्या जागी, पहिल्या मिनिटात, दोन गोष्टी करायच्या.

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली, आणि त्यानंतर इंजिन लगेच सुरू झालं, तर तुमच्या इग्निशनमध्ये काहीच बिघडलेलं नाही. झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं तशी वर पोकळी तयार होते, दहा-पंधरा मिनिटांत थेंब थांबतो, इंजिन उपाशी मरतं. उभं ठेवलं की हवा हळूहळू झिरपते आणि पुन्हा सुरू. लक्षणं कॉइल गरम होऊन जाण्यासारखीच, घड्याळ लावल्यासारखी. या एका टाचणीएवढ्या भोकापायी लोकांनी अख्खं इग्निशन बदललेलं मी पाहिलंय, म्हणून तुम्हाला आधी हेच विचारतो.

फुस्स झालं नाही तर लगेच गरम प्लग काढून (हातमोजा घाला) त्याचं टोक बघा आणि चाचणीच्या प्लगवर ठिणगी घ्या. ठिणगी आहे आणि काढलेला प्लग कोरडा आहे, तर पेट्रोलची वाट तपासायची. ठिणगी नाही आणि प्लग ओला आहे, तर दोष विजेचा, आणि मग तिथेच उभ्या उभ्या मीटर लावायचा.

मीटर ओहमवर ठेवा, निळी आणि काळी वायर सीडीआयपासून सोडवा आणि मॅग्नेटोच्या बाजूच्या टोकांना मीटरच्या सुया लावा. चांगल्या कॉइलला निळी-काळीमध्ये ३०० ते ४०० ओहम दिसतात. पांढरी-काळीमध्ये जेमतेम एक-दोन ओहम. हे थंड असताना आधी घरी मोजून वहीत लिहून ठेवा. गरम असताना पुन्हा मोजाल तेव्हा आकडा वाढलेला दिसेल, त्याने घाबरू नका. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २५ अंशांना ३५० ओहम दाखवणारी कॉइल ८५ अंशांना सव्वाचारशेच्या पुढे दाखवणारच, ती तंदुरुस्त आहे. वाईट चिन्हं दोन आहेत. मीटर अनंत दाखवू लागला, म्हणजे गरम होऊन तुटक्या तारेची टोकं कुठेतरी एकमेकांपासून सुटताहेत. किंवा आकडा थंडपेक्षा खाली आला, म्हणजे आत वेटोळ्यांचं वार्निश जाऊन ती आपसात शॉर्ट होताहेत. वायरी हलवल्यावर आकडा नाचला तर अजून कॉइलला दोष देऊ नका, वायरीला द्या.

रस्त्यावर मोजायचा कंटाळा असेल तर कॉइल काढून घरी केस वाळवायच्या ड्रायरने दहा मिनिटं तापवत मीटरकडे बघत बसा. मला हा प्रकार जास्त आवडतो. दोष डोळ्यांदेखत येतो, आणि ड्रायर बंद केल्यावर डोळ्यांदेखत जातो.

कॉइल काढायची तर ड्राइव्ह स्प्रॉकेटच्या बाजूला, पुढे जे गोल झाकण आहे ते उघडा. झाकणाचे स्क्रू मऊ असतात, डोक्यात बरोबर बसणारा पेचकस घ्या, नाहीतर डोकी गोल होतील आणि इग्निशनचा प्रश्न बाजूला राहून ड्रिलचा प्रश्न सुरू होईल. उघडल्याबरोबर कशालाही हात न लावता एक फोटो काढा आणि आधी नुसतं बघा.

आत तेल आहे का? चुंबकाच्या मागे काळपट चिकट तेल साचलं असेल तर त्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. तेलाने कॉइल लगेच मरत नाही, पण जिथून तेल बाहेर येतं तिथूनच हवा आत जाते. मिश्रण पातळ पडतं, इंजिन वाजवीपेक्षा तापतं आणि गरम झाल्यावर रुसतं. तुमच्या लक्षणाशी हेही जुळतं, म्हणून दुर्लक्ष करू नका. पाणी किंवा गंज आहे का? वायरी जिथून बाहेर येतात ते रबर सैल असेल तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट आत जातं. रबराभोवती सिलिकॉन लावा आणि वायरीला बाहेर पडल्या पडल्या खाली एक झोका द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. चुंबकाच्या कडेला किंवा पत्र्यांवर घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का? असतील तर कॉइलचे स्क्रू ढिले आहेत किंवा क्रँकचं बेअरिंग खेळतंय. दुसरं असेल तर विषय मोठा आहे.

मग भिंग घ्या. निळी वायर कॉइलला जिथे डागलेली आहे तिथे आतून केसापेक्षा बारीक तांब्याची तार येऊन मिळते. जाड वायर हलली की ती बारीक तार ताणली जाते. तिथे हिरवट गंज, पांढरी भुकटी किंवा तडकलेला डाग दिसला तर तुमचा चोर सापडला. थंड असताना तुटकी टोकं एकमेकींना टेकून असतात, गरम झाल्यावर सगळं प्रसरण पावतं आणि ती दूर होतात. असा डाग हलक्या हाताने पुन्हा देता येतो. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, थोडं फ्लक्स, आणि दोन सेकंदांच्या वर उष्णता नाही. वर एपॉक्सीचा थेंब टाकला की वायर हलणार नाही. अशी दुरुस्त केलेली कॉइल मी स्वतःच्या सायकलवर वर्षानुवर्षं चालवलीय. तार वेटोळ्यांच्या पोटात तुटली असेल तर मात्र नवी कॉइल घ्या, ती गुंडाळत बसण्यात अर्थ नाही.

कॉइल परत बसवताना पत्रे आणि केसिंग टेकतात ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिथला रंग आणि गंज हाही त्या अर्थाच्या फेऱ्यातला अडथळाच. स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. चुंबकावर हातोडी चालवू नका, त्याने ताकद जाते. तो काढायची वेळ आलीच तर त्याचा स्क्रूचा छोटा पुलर वापरा. आणि ती वेळ एकाच लक्षणाला येते. ठिणगी दणकट आहे, पेट्रोल पोचतंय, कॉम्प्रेशन आहे, तरी इंजिन सुरू न होता नुसतं फटफट उलटं मारतं. तेव्हा चुंबक आणि क्रँकच्या मधली अर्धचंद्राकृती चावी कापली गेली असते आणि ठिणगी भलत्याच वेळी पडत असते. चावी पाहण्यासाठी चुंबक काढावाच लागतो. तुमचं इंजिन थंड असताना छान सुरू होतं, म्हणजे तुमची चावी शाबूत आहे.

सीडीआयबद्दल फार लिहीत नाही. मीटर लावून त्याचा ठाम निकाल देता येत नाही. आत कपॅसिटर, डायोड, थायरिस्टर आणि छोटा ट्रान्सफॉर्मर एपॉक्सीत गाडलेले असतात, आणि डब्याडब्याचं वाचन वेगळं येतं. खात्रीचा दुसरा डबा लावून बघणं हीच चाचणी, आणि ती तुमची झालीय. फक्त एक विचारतो, नवा डबा कुठे बसवलाय? सिलिंडरच्या डोक्यावर किंवा सायलेन्सरच्या अंगाला लागून असेल तर तोही जुन्याच्या वाटेने जाईल. सीटच्या नळीवर, हवा लागेल अशा ठिकाणी न्या. आणि चालत्या इंजिनाच्या निळ्या वायरीच्या उघड्या टोकाला बोट लावू नका.

प्लगची वायर बहुतेक डब्यांत स्क्रूसारखी फिरवून बसते, टोपीही तशीच. वर्षभरात आतल्या तारा काळ्या पडतात. दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी कापून पुन्हा फिरवून बसवा. टोपी रेझिस्टरची असेल तर मीटरवर साधारण ५ किलोओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर टोपी गेली. रेझिस्टरची टोपी आणि रेझिस्टरचा प्लग दोन्ही एकत्र लावू नका, एकच पुरे. प्लग बी६एचएस किंवा त्याच्या जोडीचा, १४ मिमी आट्यांचा आणि तेवढ्याच आखूड लांबीचा. लांब आट्यांचा प्लग घातला तर तो पिस्टनवर आदळेल. प्लगच्या डोक्यावरची छोटी नट तुमच्या टोपीला हवी की नको ते पाहा. नको तिथे ती राहिली तर टोपी अर्धवट बसते आणि आत छुपी ठिणगी उडत राहते.

ज्यांची इंजिनं गरम-थंड न बघता सतत मिसिंग मारतात, त्यांनी एक गोष्ट कानाने ओळखायला शिकावी. मिश्रण जाड झालं की हे इंजिन एक आड एक फेऱ्याला पेटतं, ‘भर्र-भर्र’ असा गुरगुरणारा आवाज येतो. त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात आणि तो विजेचा दोष नाही. थ्रॉटल वाढवल्यावर किंवा चढावर भार आल्यावर तो आवाज थांबतो. विजेची मिसिंग भार आल्यावर उलट वाढते, कारण भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि अशक्त ठिणगीला नेमकी तिथेच उडी मारवत नाही. नव्या इंजिनाला १६:१ चं (१६ भाग पेट्रोल, १ भाग तेल) भरपूर तेलाचं मिश्रण देतात, तेव्हा प्लग काळा-ओला होणारच. तो पुसायचा, त्यावरून कॉइल बदलायची नाही.

तुमच्या इंजिनासाठी क्रम सांगतो. आज बटण सोडवा, पांढऱ्या वायरीचं टोक बंद करा, निळ्या-काळ्याला डाग द्या आणि थंड असतानाचे ओहम वहीत लिहा. उद्या मीटर घेऊन चकरा मारा, बंद पडलं की आधी टाकीचं झाकण, मग ठिणगी, मग ओहम. थंडचा आकडा आणि बंद पडल्याबरोबरचा आकडा असे दोन आकडे मला कळवा. कॉइल मागवायची की नाही ते मग एका ओळीत सांगतो.